जलसा पुन्हा उभा राहिला



एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांना वेगळेच रूप येते. निळ्या पताका लागतात, घराघरात गोडधोड होते, लेकरांच्या अंगावर नवे कपडे येतात आणि रात्री चौकाचौकात मोठमोठे भोंगे लागतात. यंदाही हे सारे झाले. परंतु जयंतीच्या त्याच पंधरवड्यात नाशिकरोडच्या बाजूच्या एका वस्तीत आम्ही जे पाहिले, ते आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या वस्तीत एक जुनी गायन पार्टी होती. होती असे म्हणायचे, कारण पंचवीसहून अधिक वर्षे तिची माणसे एका सतरंजीवर बसली नव्हती. कुणी सातपूरच्या कारखान्यात गेले, कुणी प्रेसमध्ये लागले, कुणी नातवंडे सांभाळू लागले, तर दोघांनी एकमेकांशी बोलणेच सोडले. ही पार्टी एका रात्रीपुरती पुन्हा एकत्र आली. नुसती चार गाणी म्हणायला नव्हे, तर जुन्या पद्धतीचा सबंध जलसा उभा करायला. आधी गण, मग बतावणी, मग फार्स, त्यानंतर पोवाडा आणि शेवटी गीते.

पार्टीतील कुणाचेही नाव आम्ही येथे छापत नाही. त्यांच्यात एक जुना घरचा तंटा होता. तो त्यांनी आपसात मिटवला आहे. छापून तो पुन्हा उकरण्याचे आम्हांस कारण नाही.

ट्रंकेतल्या वह्या

हे सारे घडले ते शाहिरांच्या सुनेमुळे. ही मुलगी परभणीकडची. वस्तीचे जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले तेव्हा सामान हलवताना तिला खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक सापडली. वर गंज, आत वह्या. शाळेच्या दोनशे पानी वह्या, काहींना वाळवी लागलेली, काहींवर चहाचे डाग. रद्दीवाला दारात उभाच होता. तिने एक वही उघडून पाहिली आणि रद्दीवाल्याला हात हलवत परत पाठविले.

त्या वह्यांत पार्टीचे सारे काम होते. नामांतराच्या लढ्यात, म्हणजे १९७८ नंतरच्या दिवसांत, बसवलेले पोवाडे होते. फार्सातील सवाल-जवाब होते. समासात कुठे ढोलकी थांबवायची, कुठे झीलकऱ्यांनी ओळ उचलायची, याच्या खुणा होत्या. काही पानांच्या कोपऱ्यात हिशेबही होता. अमुक गावाला जायचे एस. टी. चे भाडे इतके, चहापाणी इतके, बाकी शून्य.

सुनेने तीन रात्री बसून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. चौथ्या दिवशी ती सरळ ढोलकीवाल्या काकांच्या घरी गेली. शाहिरांना तिने काही सांगितले नाही. काकांनी दार उघडले. ‘कुणाची गं तू?’ असे विचारले. तिने सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बस. चहा घे. वही आणलीस का?’

तंटा कशाचा होता, तेही थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळ पार्ट्यांत झालेला आहे. कॅसेटचा जमाना होता. या पार्टीची एक कॅसेट निघाली. वरच्या कागदावर फोटो शाहिरांचा, नाव शाहिरांचे. ढोलकी कुणाची, पेटी कुणाची, मागून आवाज देणाऱ्या तीन बाया कोण, याचा कुठे उल्लेख नाही. शाहीर म्हणत, ‘मी छापले नाही, त्यांनी छापले.’ ढोलकीवाले म्हणत, ‘तू पाहिलेस आणि गप्प बसलास.’ दोघांचेही खरे होते. पार्टी मोडली.

नाशिक आणि जलसा

आता नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडे मागे जाऊ. जलसा म्हणजे काय, आणि नाशिकचा त्याच्याशी कोणता संबंध, हे आपल्या मुलांना घरात कुणी सांगितले नसेल तर दोष मुलांचा नाही.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीचा विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधक जलसे उभे राहिले. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तक देऊन काय उपयोग? त्याला ढोलकी समजते, तमाशा समजतो. म्हणून तमाशाचेच घर घेतले आणि आतील माणसे बदलली. तमाशात प्रथम गण होतो. जलशानेही गण ठेवला, परंतु त्यात वंदन कुणाला करायचे, ते बदलले. कृष्ण आणि गौळणींच्या थट्टेची जागा समाजाच्या प्रश्नांनी घेतली. सोंगाड्या राहिला, पण त्याच्या विनोदाचे टोक आता भटशाही, सावकारी आणि आपल्याच घरातील अज्ञान यांच्याकडे वळले.

हीच वाट पुढे आंबेडकरी जलशांनी धरली. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या मार्गदर्शनाखाली आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर तो पुढे काही वर्षे चालला. त्याच धामधुमीच्या काळात, १९३१ साली, नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा राहिला. त्याचे प्रमुख होते निफाड तालुक्यातील कसबे सुकेणे येथील शाहीर भीमराव कर्डक. मनमाडकडून नाशिकला रेल्वेने येताना कसबे सुकेणे हे स्टेशन लागते. आपल्यापैकी कित्येकांनी ते खिडकीतून पाहिले असेल. पुढच्या वेळी मुलांना बोट दाखवून सांगा, की हे जलशाचे गाव आहे.

या जलशांनी काय सांगितले? मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका. गावकीची लाचारी सोडा. स्वच्छ राहा. दारू सोडा. मुलांना शाळेत घाला. महाडच्या चवदार तळ्यावर काय झाले, काळारामाच्या दारात काय झाले, हे वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला जलशाने सांगितले. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात सुरू झालेला जलसा पहाटेपर्यंत चालायचा. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. कलावंत दिवसा मजुरी करून रात्री उभे राहणारे. बाबासाहेबांना जलशाचे मोल ठाऊक होते आणि जलसेकरांचे त्यांना कौतुक होते, ही आठवण जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात. भीमराव कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून हा इतिहास आज आपल्या हाती आहे.

येथे एक गल्लत नेहमी होते. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे दोघे वेगळे. लोककवी वामनदादा हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत मजुरी करता करता मोठेपणी ते अक्षरे शिकले आणि ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत लिहिले. पुढे हजारो गीते झाली. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. एकाच जिल्ह्याने एक थोर जलसेकार आणि एक थोर लोककवी दिला. हे नाशिककरांनी विसरू नये.

ती रात्र

समाजमंदिराच्या ओट्यासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मांडव नाही, पडदा नाही. त्रिशरण-पंचशील झाले. मग पेटीवाल्यांनी सूर धरला आणि ढोलकीवाले काका दोऱ्या ताणू लागले. ठक, ठक, पुन्हा ठक. आमच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, प्रेसमधून निवृत्त झालेले, डोळे मिटून म्हणाले, ‘ह्या ठकठकीसाठीच मी आलो. कॅसेटमध्ये ही कधी येत नव्हती.’

शाहीर उभे राहिले. वय शहात्तर. उंच स्वरात गण उचलला आणि पहिल्याच वळणावर आवाज फाटला. क्षणभर सारे गप्प. ढोलकी मात्र थांबली नाही. आणि मग सतरंजीवरून, बायकांच्या बाजूने, कुणीतरी ती ओळ पुढे नेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. बघता बघता अर्धी वस्ती गणाची ओळ म्हणत होती आणि शाहीर हात जोडून नुसते उभे होते. पंचवीस वर्षे न ऐकलेली ओळ लोकांच्या जिभेवर तशीच होती. आमच्या मागच्या तरुणाने आईला विचारले, ‘तुला येतं हे?’ आई म्हणाली, ‘येतं म्हणजे? तू पोटात होतास तेव्हापासून येतं.’

मग फार्स झाला. विषय जुनाच. जत्रेचा नवस फेडायला बाप बोकड घेऊन येतो, आणि मुलाच्या शाळेची फी मात्र त्याच्याजवळ नसते. सोंगाड्या त्याला एकेक प्रश्न विचारून असा काही घोळात घेतो, की शेवटी बाप बोकड विकतो आणि पोराला शाळेत घालतो. सोंगाड्याचे काम करणारे काका आता काठी घेऊन चालतात. त्यांनी काठीलाच बोकड केले! लेकरे हसून हसून लोळली.

या फार्सात आईचे काम पूर्वी पार्टीतील एक पुरुषच करायचे. या वेळी त्यांनी मिशी काढायला साफ नकार दिला. ‘आता नातजावई आलाय घरात,’ म्हणाले. म्हणून ते काम वस्तीतीलच एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला दिले. तिने वहीतले सारे सवाल-जवाब पाठ केले होते. बाप बोकड विकतो, मुलगा शाळेत जातो, ढोलकीचा तुकडा वाजतो आणि फार्स संपतो, असे वहीत होते. ढोलकी वाजायच्या आधीच ही मुलगी पुढे आली आणि बापाला म्हणाली, ‘बोकड इकलं, पोरगं शाळंत गेलं, लई बेस झालं. आन् पोरीचं काय?’

हे वहीत नव्हते. बापाचे काम करणारे काका गडबडले. त्यांनी शाहिरांकडे पाहिले. शाहीरही काही बोलेनात. मग बायकांच्या बाजूने जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा आम्ही अलीकडे ऐकला नाही. एकीने बसल्या जागेवरून आवाज दिला, ‘सांग की रं, पोरीचं काय?’ काकांना सुचले. ते काठीकडे पाहून म्हणाले, ‘आता दुसरं बोकड आनाया पायजे इकायला!’ हशा पिकला, आणि ढोलकीने तुकडा घेतला.

पुढच्या रांगेतील एक वयस्क गृहस्थ मात्र नाराज झाले. ‘असं नव्हतं मूळचं,’ असे ते दोनदा मोठ्याने म्हणाले. त्यांचेही प्रेमच होते. ज्याने एखादी वस्तू मनात जपून ठेवली, त्याला ती तशीच परत हवी असते. शाहिरांनी त्यांना तिथूनच उत्तर दिले. ‘दादा, मूळचं असंच होतं. ज्या गावाला जे विचारायचं, ते जलसा विचारायचा. आज हिनं विचारलं.’

आजी काय म्हणाल्या

फार्स संपल्यावर चहा झाला. तेवढ्यात आम्ही एका आजींजवळ जाऊन बसलो. सिन्नरला विड्या वळण्यात त्यांचे आयुष्य गेले. वय ऐंशीच्या पुढे. लेकीकडे आल्या होत्या. आम्ही विचारले, ‘आजी, कसा वाटला?’

आजी म्हणाल्या, ‘मी बापाच्या खांद्यावर बसून जलसा पायला व्हता. गॅसबत्ती व्हती. एवढी एवढी पाखरं बत्तीवर. त्या जलशात बी असाच बाप आन् पोरगा. दुसऱ्या दिवशी माझ्या बापानं माझ्या भावाला शाळंत घातला. भाऊ पुढं रेल्वेत लागला.’

आम्ही म्हटले, ‘आणि तुम्ही?’

‘मला कोन घालतंय? मी म्हनलं, मला बी. बाप म्हनला, जलशात पोरगी नव्हती.’

आजींनी हे हसत हसत सांगितले. आम्हांस मात्र हसता आले नाही. वाचकहो, गाण्याबजावण्याने काय होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. एका रात्रीच्या फार्साने एक मुलगा शाळेत गेला आणि एका घराचे दिवस बदलले. त्याच फार्सात एक ओळ कमी होती, म्हणून एक मुलगी विड्या वळत राहिली. गाण्यातील ओळ असणे आणि नसणे यांत एवढे अंतर असते. जलशाचा मान ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

आजी पुढे म्हणाल्या, ‘त्या नर्सबाईला सांगा, तुजं वाक्य वहीत लिवून ठेव म्हनावं.’ आम्ही निरोप पोचविला. सुनेने त्याच रात्री वहीच्या समासात ते वाक्य लिहून खाली तारीख घातली.

तिघींची नावे

उत्तररात्री गीतांची पाळी आली. तेव्हा शाहिरांनी माईक हातात घेतला. ते काही मोठे भाषण करणारे नाहीत. म्हणाले, ‘आपली कॅसेट निघाली होती. घराघरात वाजली. तिच्यावर एक नाव होतं. आवाज सात जणांचा होता.’ मग त्यांनी एकेकाचे नाव घेतले. ढोलकी अमुक, पेटी अमुक, झांज अमुक, सोंगाड्या अमुक. आणि मग मागून आवाज देणाऱ्या तिघी बाया, एकेकीचे नाव, बापाचे नाव, गाव. त्यांतील एक आता हयात नाहीत. त्यांची मुलगी सतरंजीवर बसली होती. आईचे नाव भोंग्यातून ऐकताच ती उभी राहिली. काय करावे ते तिला कळेना. तिने आधी दोन्ही हात जोडले, मग डोळ्याला पदर लावला आणि तशीच उभी राहिली.

दुसऱ्या आक्का पुढे येऊन बसल्या. त्यांना शाहिरांनी विचारले, ‘आक्का, आज पुढचा आवाज तुम्ही देता का?’ आक्का म्हणाल्या, ‘मागून द्यायची सवय हाय मला. पण देते.’ आणि त्यांनी रमाईवरचे एक गीत असे म्हटले, की पुढे बसलेली चारदोन वर्षांची लेकरेही गप्प झाली. साठ-सत्तर वर्षांच्या बाया एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून ऐकत होत्या. कुणी टाळी वाजवली नाही. गीत संपल्यावरही नाही.

शाहीर आणि ढोलकीवाले यांनी मात्र सिनेमातल्यासारखी गळाभेट वगैरे घेतली नाही. कार्यक्रम संपल्यावर शाहिरांनी ढोलकी उचलून तिची खोळ चढविली आणि काकांच्या हाती दिली. काका म्हणाले, ‘जयभीम.’ शाहीर म्हणाले, ‘जयभीम.’ एवढेच. आम्हांस वाटते, पंचवीस वर्षांनंतर तेवढे पुरेसे होते.

डीजेवाल्या मुलाचे म्हणणे

सारेच खूश झाले, असे लिहिणे खोटे ठरेल. काही तरुण मुले फार्स संपताच उठून गेली. एकाने आम्हांस स्पष्टच सांगितले, ‘पोवाडा फार लांबला, आणि निम्मे शब्द कळले नाहीत.’ तेही खरे आहे. पोवाड्यातील गावकी, जोहार, येसकर हे शब्द ज्याने सोसले त्याला कळतात. ज्याने सोसले नाहीत, त्याला ते आधी समजावून सांगावे लागतात. ते सांगणे हे आपले, मोठ्यांचे काम.

वस्तीत डीजे लावणारा एक मुलगा आहे. त्याने आपले माईक आणि भोंगे फुकट आणून दिले होते. आम्ही त्याला म्हटले, ‘काय रे, तुझ्या दणक्यापुढे हे कसे वाटले?’ तो म्हणाला, ‘माझ्या गाडीवर गाणं वाजतं तेव्हा छाती हादरते, पण शब्द कुणी ऐकत नाही. इथं शब्द ऐकू आले.’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘पण काका, मी डीजे सोडणार नाही. सामानाचे हप्ते आहेत.’ आम्हांस त्याचा प्रामाणिकपणा आवडला. डीजेला नुसत्या शिव्या देऊन जलसा परत येत नसतो. त्या मुलाने कार्यक्रम सबंध रेकॉर्ड केला आहे, आणि प्रत्येक गीतामागे कोण गायले, कुणी वाजविले, हे तो शाहिरांना विचारून लिहून घेत आहे.

इकडचे आणि तिकडचे

जुना खेळ पुन्हा उभा राहावा आणि लोकांनी त्यासाठी वेडे व्हावे, ही गोष्ट जगभर आहे. लंडनमध्ये १९८५ साली ‘ले मिझेराब्ल’ हे संगीत नाटक आले. मूळ कथा फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांची. भाकरी चोरली म्हणून वर्षानुवर्षे तुरुंगात सडलेल्या माणसाची ही कथा. त्या नाटकाला १० वर्षे झाली म्हणून १९९५ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याची गीते सादर झाली. तेव्हा निरनिराळ्या देशांत त्या कैद्याचे काम करणारे १७ नट शेवटी एकाच मंचावर उभे राहून आपापल्या भाषेत गायले. २०१० साली २५ वर्षे झाली तेव्हा १९८५ चे मूळ कलाकार पुन्हा एकत्र आले. लोक रडले, उभे राहिले, तास न् तास टाळ्या वाजवल्या असे वाटावे इतका जल्लोष झाला.

भुकेची आणि अन्यायाची गाणी तिकडेही म्हटली जातात, इकडेही. फरक एवढाच, की तिकडे प्रत्येक ओळ छापलेली, प्रत्येक सूर मुद्रित केलेला, प्रत्येक कलावंताचे नाव नोंदलेले. आपल्याकडे खाटेखालची ट्रंक आणि दारात रद्दीवाला.

तरीही आपली परंपरा मेलेली नाही. २०१२ साली राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले आणि शाहीर संभाजी भगत यांच्या कल्पनेतून व संगीतातून उभे राहिलेले ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक आले. जालना जिल्ह्यातील खेड्यातली पोरे त्यात उभी राहिली, आणि कधी नाट्यगृहाची पायरी न चढलेली आपली माणसे तिकीट काढून आत गेली. त्याच वर्षी अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे महात्मा फुल्यांवरील नाटक पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसविले. दिवसा झाडू, रात्री नाटक. जलसेकार यापेक्षा वेगळे काय करीत होते? आणि शाहीर विठ्ठल उमप यांना तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमात मंचावरच मरण आले. गाता गाता जाणारी ही माणसे. त्यांचा वारसा सांभाळायला पैसा लागतोच असे नाही. लक्ष लागते.

आपल्या घरी एवढे करा

आता वाचक भगिनींना, विशेषतः सुनांना आणि लेकींना, आमचे सांगणे आहे. जुन्या वस्तू हलवायची वेळ बहुतेक तुमच्यावरच येते. घरात आजोबांची, सासऱ्यांची, चुलत्यांची गाण्याची वही असेल तर ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो निदान दोन ठिकाणी ठेवा. वही उन्हात वाळवू नका. सावलीत वारा द्या आणि कोरड्या कापडात बांधा. कॅसेट असेल तर वरच्या कागदाचाही फोटो घ्या.

घरातील म्हातारे माणूस गात असेल तर त्याला गाऊ द्या आणि रेकॉर्ड करा. त्याच्याकडून चार गोष्टी विचारून घ्या. गीत कुणाचे, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे म्हटले, आणि साथीला कोण होते. साथीला कोण होते, हे विसरू नका. आपल्या आयाबहिणींची नावे बहुतेक याच जागी हरवलेली आहेत. आजी गात असेल तर तिला ‘आजोबा काय गायचे?’ असे विचारू नका. ‘तू काय गायचीस?’ असे विचारा.

आणि पुढच्या जयंतीला मंडळाने पंधरा रात्रींपैकी एक रात्र जुन्या माणसांना द्यावी. एक पेटी, एक ढोलकी, एक सतरंजी. वर्गणीतून फार काही जात नाही.

त्या रात्री आम्ही निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. सतरंज्या झटकण्याचे काम चालू होते. ओट्यावर ती पत्र्याची ट्रंक उघडी होती. सून वह्या मोजून आत ठेवत होती. सिन्नरच्या आजी लेकीचा हात धरून तिच्याजवळ गेल्या. त्यांनी एक वही हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि विचारले, ‘यात माझं वाक्य कुठं लिवलंय?’

सुनेने पान उघडून दाखविले. आजींना वाचता येत नाही. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरविले, पुन्हा एकदा फिरविले, आणि वही परत दिली.

जयभीम.